अंगठ्यांचं झाड

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला चाकणच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली. त्याच कंपनीत माझे वडील, अण्णा, प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. थेरगावहून कंपनीच्या बसने आम्ही सोबत जायचो. गेटवर ते प्रेस शॉपकडे वळायचे, मी ऑफिसकडे.

कंपनीला नव्या इमारतीत भिंतभर एक चित्र हवं होतं, ते काम माझ्याकडे आलं. झाड, आणि त्याचं प्रत्येक पान म्हणजे एका कामगाराच्या अंगठ्याचा ठसा. हजेरीच्या मशीनमधले ठसे एआयला द्यायचे, ते रंग भरून झाड बनवणार. तेच पुढे कॅलेंडरवर, मगवर छापायचं. ठसे वापरू का, असं कुणालाच विचारलं नव्हतं. मला ते खटकलं, पण मी बोलले नाही. सर्टिफिकेटवर माझं काम बघणाऱ्या सरांची सही लागणार होती.

पहिल्या चित्रात पुष्कळ पानं नुसती डागासारखी आली. पत्रा आणि तेल हाताळून प्रेसवाल्यांचे अंगठे गुळगुळीत होतात. हजेरीचं मशीन त्यांना ओळखत नाही, मग थुंकी लावून अंगठा पुन्हा पुन्हा टेकवायचा.

"शी, किती घाण दिसतंय," सर म्हणाले. "पुसट ते सगळे काढ. तिथे एआय नवे बनवेल. कोण ओळखणारे?"

मी एकेक काढत गेले. फाइलवर फक्त टोकन नंबर होते. एका नंबरपाशी थांबले. तो मला लहानपणापासून पाठ होता; कँटीनमध्ये डबा बदलू नये म्हणून अण्णांनी झाकणावर खिळ्याने कोरला होता. ठसा म्हणजे राखाडी डाग. मी तोही काढला.

उद्घाटनाला कामगारांना दहा मिनिटं सोडलं. जो तो आपलं पान शोधत होता.

"राव, आपलं बघ, शेंड्यावर असंल!"

"तू आणि शेंड्यावर? जन्मभर कंत्राटात आणि!"

अण्णा सोबत्याला घेऊन आले. "आमच्या पोरीनं केलंय हे सगळं," त्याला म्हणाले, आणि मला, "माझं कुठंय गं?"

मी खालच्या फांदीवरचं एक पान दाखवलं. एआयचं. रेघ न् रेघ स्पष्ट.

अण्णांनी शेजारी आपला अंगठा धरला. सोबती वाकून म्हणाला, "भाऊ, एवढ्या रेघा असत्या तर रोज मशीनपुढं थुंकी लावत बसला असता व्हय?"

"ऑफिसात गेला ना अंगठा. धुतला असंल त्यांनी," अण्णा म्हणाले. हसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

सरांनी त्याच दिवशी सही केली. बसमध्ये अण्णांनी सर्टिफिकेट बघायला मागितलं. घेण्याआधी दोन्ही अंगठे पँटला घासून पुसले आणि डाग पडू नये म्हणून कागद अगदी कडेला धरला. मी तोंड खिडकीकडे केलं.

थेरगाव येईपर्यंत ते वाचत होते.