आमच्या सासूबाईंचे रशियन पंतप्रधान

म्हाताऱ्या माणसांना देवाचं वेड असतं, मालिकांचं असतं. आमच्या सासूबाईंना रशियाच्या पंतप्रधानांचं होतं. तेही विलायतेत, कॉव्हेंट्रीत बसून!

सुरुवात झाली २००४च्या मार्चमध्ये. मिखाईल फ्रादकोव नावाचे कोणी गृहस्थ रशियाचे पंतप्रधान होणार, अशी बातमी टीव्हीवर आली. त्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, बातमी देणारेसुद्धा चाचपडत होते. तरुणपणी ते दिल्लीच्या सोव्हिएत वकिलातीत होते, एवढं कानावर पडलं मात्र, सुहासिनीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून उठल्या. ते दिल्लीत होते त्याच सुमारास त्या बोकारोच्या पोलाद कारखान्यात रशियन इंजिनिअरांच्या दुभाषी होत्या.

"तुम्ही भेटला होतात त्यांना?" मी विचारलं.

"छे गं! तो दिल्लीत, आम्ही बोकारोत."

याला बादरायण संबंध म्हणतात. पण सासूला सांगणार कोण?

माझ्या लेकीने, सान्वीने, त्यांना कॉम्प्युटरवर रशियन रेडिओ लावून दिला. मग रोज दुपारी सासूबाई आणि पंतप्रधान! तिकडे रशियात म्हाताऱ्यांचा फुकटचा बसप्रवास काढून हातात रोख पैसे टेकवायचं ठरलं, तेव्हा या आठवडाभर त्यांच्यावर रुसल्या होत्या. अंशुमन, माझा नवरा, हॉस्पिटलमधून दमून येई आणि वैतागे. "आई, रिअल पॉवर प्रेसिडेंटकडे असते. ह्या माणसाला तिथेही कोणी सिरियसली घेत नाही."

"नसेना का घेत," त्या म्हणायच्या.

खरं कारण मला एकदा कपड्यांच्या घड्या घालताना कळलं. "ते लोक त्याला नुसतं मिखाईल म्हणत नाहीत, ऐकलंस का? मिखाईल येफिमोविच म्हणतात. येफिमचा मुलगा. एवढा पंतप्रधान झाला, तरी बापाचं नाव बरोबर आहे."

मग बोकारोची गोष्ट निघाली. कामाच्या पहिल्या दिवशी तिथल्या मुख्य रशियन इंजिनिअरने यांचा पास वाचला. सुहासिनी विष्णू केतकर. मधलं नाव बापाचं, हा त्याचा सरळ हिशोब. मोठ्या आदराने त्याने हाक मारली, "सुहासिनी विष्णूयेव्हना!" सासूबाईंना हसू आवरेना. विष्णू म्हणजे माझे सासरे! त्या भल्या माणसाने बाईला स्वतःच्याच नवऱ्याची मुलगी करून टाकलं होतं. चूक कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने विचारलं, "मग वडिलांचं नाव काय?"

"पद्माकर," त्यांनी सांगितलं.

त्या दिवसापासून पूर्ण कारखान्यात त्या सुहासिनी पद्माकरोव्हना. लग्नात नावामागून गेलेले वडील भट्टीच्या धुरात, परक्यांच्या तोंडून परत आले. वडील वारले ती तारही बोकारोतच आली. दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या, कारण तिथे दिवसभर कोणी ना कोणी वडिलांचं नाव घ्यायचं.

"आता बघ," चादर झटकत त्या म्हणाल्या. "तुम्ही आई म्हणता, सान्वी आजी, डॉक्टरच्या दवाखान्यात मिसेस केतकर, शेजारीण तर सुहासिनीचं नुसतं 'स्यू' करते. मी कोणाची मुलगी होते, हे माहीत असलेलं माणूस उरलंच नाही गं कोणी. एकदा तरी तशी हाक ऐकायचीय."

चादरीची घडी काही नीट जमली नाही.

पुढच्या वर्षी तीन घरं सोडून व्हॅलेंटिना राहायला आली. मूळची रीगाची, वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करणारी, रशियन बोलणारी. सासूबाईंना आकाश ठेंगणं झालं. शिरा, थालीपीठ, काही ना काही घेऊन त्या तिच्याकडे जाऊन बसायच्या. पण ती आपली यांना 'मावशी' म्हणायची. पंतप्रधानांचा विषय काढला तर म्हणायची, "कामावरून मला लवकर घरी सोडेल तो माझा पंतप्रधान."

"मग सांगा ना तिला सरळ, अशी हाक मार म्हणून," मी म्हटलं.

"सांगून मारायला लावलेली ती काय हाक?" सासूबाई उखडल्या. मानी बाई!

२००७च्या सप्टेंबरात सान्वी शाळेतून आल्यावर कॉम्प्युटरपाशी बसली होती, तिथूनच आपल्या विलायती मराठीत ओरडली, "आजी, तुझी मिखाईलने रिझाइन केली!" सासूबाईंनी रेडिओ बंद करायला लावला. नवे कोण आले, हेही विचारलं नाही. त्या रात्री ताटावरून तशाच उठल्या. मला त्या परक्या माणसाचा विनाकारण राग आला. अजून थोडं थांबता आलं नसतं का?

तीनच दिवसांनी गणपती होते. शनिवार म्हणून व्हॅलेंटिनाही आरतीला आली. मूर्तीकडे टक लावून बघत तिने मोडक्या इंग्रजीत सान्वीला विचारलं, "ह्या हत्तीबाळाच्या वडिलांचं नाव काय?"

"शंकर," सान्वी म्हणाली.

व्हॅलेंटिनाने गंभीरपणे हात जोडले. "नमस्कार, गणपती शंकरोविच!"

आम्ही पोट धरून हसलो. अंशुमनच्या हातातली घंटा वाजतच राहिली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मोदकांचं ताट धरून त्या जागच्या जागी उभ्या होत्या.

"आणि मावशी, तुमच्या वडिलांचं?"

"पद्माकर." आवाज इतका बारीक, की व्हॅलेंटिनाला कान पुढे करावा लागला.

"बरं तर," ताटाकडे हात करत ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "सुहासिनी पद्माकरोव्हना!"

आमच्या सासूबाईंना रशियन अस्खलित येतं. पण तोंडून आलं ते, "ओ!" अंगणात खेळणाऱ्या पोरीने घरातून बापाची हाक आल्यावर द्यावी, तशी ओ. मग मोदक द्यायचा विसरून, ताट मांडीवर घेऊन त्या खाली बसल्या आणि व्हॅलेंटिनाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, ती पुन्हा हाक मारते का म्हणून.