बेपत्ता धवलारीण

पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण त्या म्हातारीचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही.

ठाकुर्लीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात दोन आळ्या होत्या. एक शेतीवाल्यांची, दुसरी मासेमारांची. या प्रकरणाच्या पस्तीसेक वर्षं आधी बांध फुटून खारं पाणी भातात शिरलं. तो मासेमारांनीच फोडला म्हणून हाणामारी झाली आणि त्यात एक मासेमार गेला. आरोपी शेतकरी पुराव्याअभावी सुटला. तेव्हापासून एका आळीचं माणूस दुसऱ्या आळीत पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

त्या सकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, शेतीवाल्यांनी म्हातारीला रिक्षातून पळवली. पोरं जमतायत!" म्हातारी म्हणजे त्या मेलेल्या मासेमाराची बायको. पाठोपाठ तिचा मुलगा तीस-चाळीस माणसं घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाला. "अपहरणाचा गुन्हा घ्या साहेब, नाहीतर आम्ही बघून घेतो."

मी त्याची तक्रार लिहून घेतली, दोन्ही आळ्यांत बंदोबस्त लावला आणि रिक्षावाल्याला उचलून आणायला लावलं. जरा आवाज चढवला तर तो रडकुंडीलाच आला.

"साहेब, आजीच बोलली, कोणाला सांगू नको. शेतीवाल्यांकडे लग्न आहे ना, धवले गायला गेलीय."

धवले म्हणजे लग्नात देवांना बोलावणारी गाणी, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. तिच्याशिवाय तिथे लग्न लागत नाही. गावात आता ती एकच उरली होती. मी साताऱ्याकडचा. गावाची खडान्‌खडा माहिती ठेवतो म्हणून मिरवायचो, आणि एवढंही ठाऊक नव्हतं. कपाळ माझं!

म्हातारीच्या मुलाला एकट्याला जीपमध्ये घेऊन लग्नघरी निघालो. मांडवात म्हातारी नवरीशेजारी बसून गात होती. माझा गणवेश बघून नवरीचा आजोबा उठून उभा राहिला. पुराव्याअभावी सुटलेला शेतकरी तो हाच. म्हातारीने मात्र गाणं पुरं करूनच मान वर केली.

"मना कोनी पलवला नाय. मीच आयलू."

"बाबाला मारलं यांनी, आणि तू इथं गातेस?" मुलगा ओरडला.

"तवा ही पोर जन्माला तरी आलेली का?"

तेवढ्यात आजोबा पुढे आला. "मारायचं मनात नव्हतं रे. पन काठी माझीच होती. कोर्टात खोटा बोललू."

सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्याचा पुन्हा खटला चालत नाही. चालत असता, तरी माझ्याच्याने तेव्हा पेन उघडवलं नसतं. मला भरून आलं होतं, सांगायला लाज कसली?

मुलगा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हा का नाय बोललात, काका?"

आजोबा खाली बसून रडायला लागला.

कबुली खटल्यासाठी लागते, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. मागे राहिलेल्या माणसालाही ती लागते आणि तो तिची किती वर्षं वाट बघतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मुलगा तिथे जेवला नाही. एवढ्यात ते व्हायचंही नव्हतं. पण तक्रार मागे घेतल्याचा जबाब त्याने तिथेच लिहून दिला. मी त्याच्या आईला जीपने घरी सोडतो म्हणालो, तर तो नको म्हणाला आणि तिच्याकडे वळला.

"अजून गायचं राहिलंय ना? गा तू. मी थांबतो."