मुकादमाचा दगड

माझे सासरे मासे विकायचे. खायचे नव्हेत, काचेच्या टाकीत पोसायचे. माणूस असा, की सगळं जग आपल्यालाच कळतं म्हणून छाती पुढे काढून चालायचा. मला भारी वैताग यायचा. त्याहून वैताग म्हणजे त्यांचं बहुतेक वेळा बरोबरच निघायचं.

मी दुकानात बसायला लागले ती काही माशांच्या प्रेमाने नाही. घरी सासूबाईंचं स्वयंपाकघर होतं. अंधारं, गरम, एकच ओटा. बरणी जराशी सरकली तरी "ही कोणी हलवली?" म्हणून घर डोक्यावर घ्यायच्या. मीही काही गरीब गाय नव्हते, एकाला दोन ऐकवायचे. शेवटी नवऱ्याला बजावलं, वेगळी खोली बघ. त्याने बघितलीही. रविवारी किल्ली मिळणार होती. सासऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं.

त्याच आठवड्यात मोठ्या टाकीत नवा मासा सोडला. तिथे आधीपासून मुकादम होता. हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. कमानीसारख्या एका दगडाखाली त्याचं बिऱ्हाड. संध्याकाळपर्यंत त्याने नव्याचे पर फाडून ठेवले. बिचारा वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला.

"बाबा, हलकट आहे हा मुकादम! काढून टाका त्याला."

"हलकट? अगं, थंडीत बघ याला, कसा मवाळ असतो. पाणी तापलं की अंगावर येतो. झाडं दाट असली की समोरचा दिसतच नाही, मग भांडायचं कोणाशी? उघड्यावर मात्र मारामारी. मासा तोच असतो पोरी. पाणी, उजेड आणि दगड बघ आधी."

"म्हणजे नव्याने मार खात बसायचं?"

"छे! गंमत बघ."

त्यांनी बाह्या सरसावल्या. सगळे मासे बादलीत काढले. कमान उचलून दुसऱ्या टोकाला आडवी टाकली, मधे झुडपं लावली, पाण्याची ऊब थोडी उतरवली. मग सगळ्यांना एकदमच सोडलं. मुकादम तडक आपल्या जुन्या जागेवर गेला. तिथे काहीच नव्हतं. दोन घिरट्या घातल्या आणि गोंधळून नव्यासारखाच दगड हुंगत फिरायला लागला. एखाददुसरी ढुशी झाली, मग ज्याने त्याने आपापला आडोसा धरला.

"आता इथे जुना कोणीच नाही," सासरे म्हणाले आणि हात पुसत गल्ल्यावर जाऊन बसले.

रविवारी किल्ली पर्समध्ये टाकून मी घरी आले, तर बाहेरच्या खोलीत भांड्यांचा डोंगर! स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकून ठेवलेलं जुनं कपाट बाहेर आलेलं, आत लख्ख उजेड. शेगडी खिडकीखाली. समोरच्या भिंतीला एक नवं टेबल. धुळीने माखलेले सासरे खुर्चीत बसले होते.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" सासूबाई कडाडल्या. "जन्मभर लावलेलं घर माझं!"

"ते जाऊ दे. चहा कर."

त्या तणतणत आत गेल्या. एक डबा उघडला, दुसरा उघडला. साखर सापडेना. ज्या बाईला डोळे मिटून जिरं काढून देता यायचं, ती स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी उभी. मला खरंच भरून आलं. आणि सासऱ्यांचा रागही आला. लबाड म्हातारा!

"अगं, साखर कुठे ठेवलीय यांनी?"

"मलाही नाही माहीत, आई. तुम्ही वरचं बघा, मी खालचं बघते."

बराच वेळ आम्ही शोधत होतो, आणि दोघी मिळून सासऱ्यांना शिव्या घालत होतो. ते बाहेर ऐकत बसले होते. शेवटी बरणी तांदळाच्या पिंपामागे निघाली. सासूबाईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि हातात धरून तशाच थांबल्या.

"कुठे ठेवायची गं?" त्यांनी मला विचारलं.

मी खांद्यावरची पर्स काढून खुंटीला अडकवली आणि फळीवर जागा करायला लागले.