एकशे ऐंशीची लाल रेघ

इतर माणसांच्या अंगात रक्त खेळतं, माझ्या बायकोच्या मोठ्या मामांच्या अंगात वाफ खेळत होती. हे मी कौतुकानेच म्हणतो आहे आणि त्यांना स्वतःलाही ते मान्य होतं. परळच्या एका कापड गिरणीत मामा एकतीस वर्षं बॉयलरवर होते. शब्द मी जपून वापरतो आहे, कारण 'बॉयलरवर कामाला होते' असं एकदा माझ्या तोंडून गेलं तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं होतं, "जावईबापू, कलेक्टर जिल्ह्यावर कामाला असतो, की जिल्ह्यावर असतो?" दहिसरला नदीच्या बाजूच्या चाळीत वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत, गणपतीच्या शेजारी, त्यांचं पहिल्या वर्गाचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काचेत लावलेलं होतं. दसऱ्याला मामी त्यालाही झेंडूचा हार घालीत.

बॉयलरला ते 'म्हातारी' म्हणत. "म्हातारीला आजचा कोळसा मानवला नाही," असं म्हणत ते जेवायला बसले की मामी भाताबरोबर घासभर अबोला वाढत. जगातली यच्चयावत वस्तू त्यांना बॉयलरच्या भाषेत कळायची. तापट माणूस दिसला की "याचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसलाय", आळशी दिसला की "याच्यात स्टीमच धरत नाही". प्रेशर कुकरला ते खेळणं म्हणत आणि त्याची शिट्टी झाली की कीव आल्यासारखं हसत. शिवाय त्यांना टिचकी मारायची सवय होती. प्रेशरचा काटा कधीकधी अडकतो आणि खोटं बोलतो, काचेवर दोन टिचक्या मारल्या की खरं काय ते कबूल करतो, हे त्यांनी एकतीस वर्षं अनुभवलेलं. त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ, वाण्याचा तराजू, तापाची नळी, यातल्या कशावरही टिचकी मारल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. माझ्या लग्नात आमची ओळख करून दिली गेली तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाच्या दिशेने बोट उचललं होतं. मामींनी वेळेत हात धरला.

मग गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि मामांची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. बाकीचे लोक भाजीची गाडी लावून नाहीतर वॉचमनची नोकरी धरून कुठे कुठे मार्गाला लागले. मामांनी काही धरलं नाही. बघायला काटाच नाही अशा जगात ते दीड वर्ष नुसते गॅलरीत उभे होते. आणि एक दिवस भाचीच्या बाळाच्या बारशाला वाकून पाळण्याची दोरी हलवताना त्यांना चक्कर आली. नाक्याजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि म्हणाल्या, "तुमचं प्रेशर फार आहे. वरचं दोनशे दहा, खालचं एकशे वीस."

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मामांचा चेहरा उजळला. म्हणाले, "पारा आहे वाटतं? जरा बघू," आणि नळीवर दोन टिचक्या मारल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पाऱ्याचं एक जुनं यंत्र कुठूनसं पैदा केलं. रोज सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा, म्हणजे गिरणीच्या पाळ्या बदलायच्या वेळी, मामी फुगा दाबत, मामा कानाला नळ्या लावून ऐकत आणि लांबट वहीत आकडा भरत. इथवर सगळं ठीक होतं. पण प्रत्येक बॉयलरच्या काट्यावर एक लाल रेघ असते. काटा त्या रेघेखाली असेल तोवर बॉयलरला कोणी हात लावायचा नाही, असा नियम. मामांनी आपल्या धाकट्या मुलीची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि पाऱ्याच्या नळीशेजारी एकशे ऐंशीवर बारीक लाल रेघ ओढली.

"एकशे ऐंशीच का?" मी विचारलं. "बाई तर एकशे चाळीसच्या आत ठेवा म्हणाल्या."

"जावईबापू, प्रत्येक बॉयलरचं वर्किंग प्रेशर वेगळं असतं. त्या बाईंचं असेल एकशे चाळीस. बारीक आहेत बिचाऱ्या. माझं एकशे ऐंशी."

झालं. पारा रेघेच्या वर गेला तरच गोळी, नाहीतर गोळ्या डब्यात. डॉक्टरीणबाईंनी रोज म्हणून दिलेल्या महिन्याच्या गोळ्या मामा चार-चार महिने पुरवत, आणि वर 'कोळसा वाचवला' असा आव आणत.

गोळीच्याही आधी एक उपाय होता. बॉयलरचं प्रेशर वाढलं की वाफ सोडतात. मामांचं वाढलं की ते गॅलरीत जाऊन दहा मिनिटं कोणावर तरी ओरडत, आत येऊन पुन्हा मोजत, आणि पारा चार घरं उतरलेला दिसला की प्रसन्न होत. यातही त्यांचा न्याय असा की एकाच माणसावर लागोपाठ दोनदा ओरडायचं नाही. सोमवारी समोरच्या खोलीतले पोस्टमास्तर, मंगळवारी दूध केंद्रावरच्या बाई, मग मजल्यावरचे बाकीचे क्रमाने. पोस्टमास्तर मोठे समजूतदार. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणत, "आज माझा नंबर का? चालू द्या." एकदा आठवडाभर त्यांना वगळलं गेलं तर ते चौकशीला आले होते, "काय हो, काही चुकलं का माझं?" ओरडून झालं की अर्ध्या तासात ज्याच्यावर ओरडले त्याच्या घरी मामींच्या हातून कोकम सरबताचा तांब्या जाई. अख्ख्या मजल्यावर त्या वर्षी कोणाला उन्हाळा बाधला नाही.

आता मिठाचं. मीठ बंद करा, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मामांनी ते अक्षरशः पाळलं. पानात डाव्या हाताला वाढतात ते चिमूटभर मीठ त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रिकामी जागा दाखवीत. त्या जागेच्या खाली लोणचं, शेजारी पापड, आणि मधोमध भाजलेला खारा बांगडा. सुकट तर त्यांच्या हिशेबी मीठ नव्हतंच, ते कोकणातलं गाव होतं. आणि हा गृहस्थ गिरणीत पाण्यावरून मालकांशी भांडलेला. बॉयलरला खारट, जड पाणी दिलं की आतल्या नळ्यांवर क्षारांचा दगडासारखा थर चढतो. स्केल म्हणतात त्याला. ते स्केल मामांचं जन्माचं वैर. वर्षातून एकदा म्हातारी थंड करून, माणूस जेमतेम जाईल एवढ्या भोकातून ते स्वतः आत उतरत आणि छोट्या हातोडीने एकेका नळीवरचं स्केल ठोकून काढत. सरकारी इन्स्पेक्टर यायचा तो नुसता बॅटरी मारून शेरा लिहून जायचा. "मालकाला सांगितलं," मामा बांगड्याचा काटा काढत सांगत, "एक तर गोडं पाणी द्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या." मामी ऐकून घेत आणि दुसरा बांगडा तव्यावर टाकत.

अशी तीनेक वर्षं गेली. मग एका गणपतीत मामांच्या पावलांवर सूज दिसायला लागली. बोटाने दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ भरत नसे. जिना चढताना ते मधल्या फरशीवर थांबून नदीकडे बघू लागले, जणू नदीत कधी नव्हे ते काही चाललं आहे. बायकोने मला पिटाळलं आणि मी मामा-मामींना घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी रक्त, लघवी, कार्डिओग्रामची पट्टी असं सगळं काढायला लावलं आणि चार दिवसांनी आम्हाला तिघांना समोर बसवलं.

"मामा," त्या म्हणाल्या, कारण तोवर ते दवाखान्याचेही मामा झाले होते, "तुमच्या दोन्ही किडन्या मिळून निम्म्याहून कमी काम करतायत."

"शक्य नाही. मला खडा नाही. खडा झाला की माणूस गडाबडा लोळतो. माझ्या भावाला झाला होता, कुळथाचं पाणी पिऊन पडला. मला कुठे काय दुखतंय?"

"हे दुखत नाही, तीच तर अडचण आहे. किडनीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्या असतात. प्रेशर वर्षानुवर्षं चढं राहिलं की त्या जाळ्या निकामी होतात. त्या निकामी झाल्या की मीठ-पाणी अंगातच राहतं, म्हणून प्रेशर अजून चढतं. आणि या सगळ्याविरुद्ध हृदयाला रेटा लावावा लागतो. तुमचं हृदय रेटून रेटून जाड झालंय. पट्टीत दिसतंय."

"पण मी वही ठेवलीय." मामांनी वही पुढे सरकवली. "बघा. महिन्याला रेघेच्या वर गेलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजा."

बाईंनी वही चाळली. एकशे शहात्तर, एकशे बहात्तर, एकशे अठ्ठ्याहत्तर, पानामागून पान, सुवाच्य अक्षरात. त्यांनी वही मिटली. "मामा, असंच चाललं तर काही वर्षांत रक्त मशीनवर धुवून घ्यावं लागेल. ते मुंबईत किती जणांच्या नशिबी असतं, तुम्हीच सांगा. आणि तिथवर हृदय साथ देईल असंही मी म्हणत नाही."

"काटा रेघेखाली आहे," मामा म्हणाले. मी त्यांना इतक्या हळू आवाजात हट्ट करताना कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मामी बोलल्या. त्या दवाखान्यात आजवर कधी बोलल्या नव्हत्या. पिशवी मांडीवर धरून त्या बाईंना म्हणाल्या, "बाई, माका एक विचारूचा हा. ह्यांच्या गिरणीत हे रोज काटो बघीत. काटो बरो आसलो तरी दर वर्साक त्या म्हातारेक थंड करून हे भोकातसून आत उतरत. अंगभर राख घेवन घराक येयत. काटो बरो होतो, मगे आत कित्याक जायत?"

प्रश्न बाईंना होता, पण धंद्याचा होता, म्हणून उत्तर मामांनी दिलं. सवयीने छाती काढून दिलं. "काट्याला आतलं काय कळतं? काटा बरोबर दाखवत असतो आणि आत नळ्यांवर स्केल..."

कंपाउंडर बाहेर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत होता. मामींनी पिशवीचे बंद उगाच सोडून पुन्हा बांधले आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आणि खारा पाणी तुमच्या म्हातारेक चलत नव्हता. हकडे खारो बांगडो मात्र चलता."

मामांनी वही आपल्याकडे ओढली आणि बाईंना विचारलं, "ते काढता येतं का? आतलं?"

"नाही. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळता येतं."

"हातोडी नाही म्हणजे यात."

"नाही. गोळी आहे. रोजची."

त्या दिवशी घरी आल्यावर मामांनी मुलीकडून नेलपॉलिश काढायचं औषध मागून घेतलं आणि लाल रेघ पुसली. मग पाळीनुसार गोळ्या सुरू झाल्या. सातला दोन, तीनला एक, अकराला एक. महिन्यातून एकदा वही घेऊन ते दवाखान्यात जात आणि बाईंकडून पानाखाली सही घेत, कारण इन्स्पेक्टरच्या सहीशिवाय वहीला अर्थ नसतो. पाण्याचा ग्लासही ते 'फीड वॉटर', म्हणजे बॉयलरला द्यायचं पाणी, म्हणून मोजून पीत. बांगडा गेला, पापड गेला, लोणच्याची बरणी पोस्टमास्तरांकडे गेली. मामींनी मिठाचा डबा वरच्या फळीवर चढवला आणि स्वतःचंही जेवण अळणी केलं, त्याबद्दल एक शब्द न बोलता. गॅलरीतलं ओरडणं बंद झालं. पोस्टमास्तर मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मामा बरे आहेत ना? फार शांत वाटतं हो हल्ली." त्यांना शांत वाटणं आवडलेलं दिसलं नाही. सरबतही बंद झालं होतं.

मामांची सूज उतरली. किडन्या होत्या तिथेच राहिल्या, पुढे सरकल्या नाहीत, आणि बाई त्यालाच यश म्हणत. जिन्यात थांबणं मात्र राहिलं.

गिरणीतलं सामान भंगारात निघाल्याचं कोणीतरी सांगितलं तेव्हा मामांनी मला निरोप धाडला. "जावईबापू, सुट्टी काढा. म्हातारीला भेटायचंय." आम्ही गेलो. छप्पर अर्धं उतरवलेलं होतं आणि बॉयलर उन्हात पडला होता. मामांनी उन्हातला बॉयलर कधी पाहिला नसावा. ते जरा लाजल्यासारखे दूर उभे राहिले. मग भंगारवाल्या माणसाकडून बॅटरी मागून घेतली, भोकाचं झाकण निघालेलंच होतं, त्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा टक्कल गंजाने लाल झालं होतं.

"गंज आहे," ते म्हणाले. "गंज काय, उभं ठेवलं की धरणारच. पण स्केल बघा. बघा तुम्ही आत. नखाएवढं नाही."

मी आत बघितलं. मला काही कळलं नाही. पण म्हणालो, नाही, नखाएवढं नाही.

"एकतीस वर्षं," मामा म्हणाले. मग घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजत होते. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि भंगारवाल्याकडे पाणी मागितलं. त्याने डबा पुढे केला तेव्हा विचारलं, "बोअरचं नाही ना?" नळाचं आहे म्हटल्यावर मोजून दोन घोट घेतले आणि गोळी गिळली.

निघताना ते बॉयलरच्या तोंडाशी गेले. काटा अजून काढलेला नव्हता. काच धुरकटली होती, मामांनी ती सदऱ्याच्या बाहीने पुसली. काटा शून्यावर होता. त्यांनी बोट वाकवून काचेवर दोन टिचक्या मारल्या, सवयीने, आणि मान जरा तिरकी करून थांबले.

काटा हलला नाही. मामा तरी आणखी थोडा वेळ थांबले, आणि मीही घाई केली नाही.