अक्काच्या गल्लीचा वळसा

"बसवू की, बाई," असं म्हणून आमचे कंपाउंडर अण्णा बाटली खिडकीच्या उजेडात धरायचे आणि एक डोळा मिटायचे. खोकल्याचं औषध चार जणांपुरतं असायचं आणि बाकावर अकरा जण खोकत बसलेले असायचे. अण्णा कुणाला तीन दिवसांचं, कुणाला एका दिवसाचं देऊन सगळ्यांचं बसवायचे. मग बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे, एका डोसाला एक खाच. तुम्ही त्या काळातले असाल तर अशी बाटली तुमच्याही घरात असेल. तुमच्या कंपाउंडरनं खाचा वाकड्या कापल्या असतील, आमच्या अण्णांच्या सरळ असायच्या.

औराद तालुक्यातल्या त्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. नवीन पास होऊन आलेली, जिभेला हाड नसलेली. डॉक्टरांकडं दोन गावं होती, म्हणून निम्मे दिवस दवाखाना आम्हा दोघांवरच असायचा. आम्ही बौद्ध. गावातल्या बायका माझ्या हातानं बाळंतपण करून घ्यायच्या, पण माझ्या माठाकडं बघायच्या नाहीत. अण्णांनी पहिल्याच दिवशी माठावरचं झाकण काढलं, तांब्याभर पाणी प्याले, "गार हाय की," म्हणाले आणि कामाला लागले. माणूस मला तिथंच आवडला.

त्यांची बायको क्षयानं गेली होती. तिला हैदराबादला ठेवलं होतं, त्यापायी बीदरच्या एका सावकाराचं कर्ज झालं होतं. बायको गेली, कर्ज मागं उरलं, आणि मागं उरली दीड वर्षाची मंगल. अण्णांची एक बहीण उदगीरला होती, पण तिची स्वतःची पाच. तिनं आधीच हात वर केले. दवाखाना सकाळी आठला उघडायचा. मंगल कुठं ठेवायची?

पहिले काही दिवस तिला औषधाच्या टेबलाखाली पोतं टाकून बसवलं. एकदा तिनं जखमेचं जांभळं औषध तोंडाला फासून घेतलं. मी किंचाळले. अण्णा तिचं तोंड पुसत म्हणाले, "काय होत न्हाई बाई, वरूनच लावलंय." पण तीन-तीनदा तिचं तोंड उघडून जीभ बघत होते. मी सांभाळते म्हणाले असते हो, पण मला कधी कुठल्या गावाहून गाडी यायची आणि बाळंतिणीपाशी दोन-दोन दिवस बसावं लागायचं.

मग काशीअक्का मिळाली. आमच्या दवाखान्यामागच्या गल्लीत तिचं घर. नवऱ्याचं धान्याचं दुकान, लग्नाला वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. महिन्याला पंधरा रुपये ठरले. अक्का पैसे नको म्हणत होती, अण्णाच हटून बसले. "फुकट ठेवलं तर मला सांजच्याला न्यायला कसं येता येईल? हक्कानं न्यायचं म्हणल्यावर द्यायलाच पायजे," असं म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं.

वर्षभर छान चाललं. सहा वाजता कुलूप लागलं की अण्णा अक्काच्या दारात उभे. मंगल "अप्पाऽ" करून धावत यायची आणि त्यांच्या खिशात हात घालायची. खिशात काही ना काही असायचंच, नाहीतर निदान बाटलीचं बूच.

आता पंच्याहत्तर रुपये पगार. त्यातले चाळीस सावकार न्यायचा. उरलेल्यात खोलीचं भाडं, जेवण, दूध, अक्काचे पंधरा, आणि पोरगी वाढत होती म्हणून झबलंही दर चार महिन्यांनी आखूड. "बसवू की," अण्णा म्हणायचे. पण पगार म्हणजे काही खोकल्याचं औषध नव्हे.

पगारवाढ मिळाली असती. पण ती अडली होती कानडीच्या परीक्षेत. अण्णा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. घरात मराठी, साहेबाशी दखनी आणि रोग्यांशी अशी फर्डी कानडी बोलायचे की कानडी माणसानं ऐकत राहावं. पण लिहायला येत नव्हती. आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला, नोकरदारांना कानडी लेखी परीक्षा आली आणि पास होईस्तोवर वाढ बंद झाली. अण्णांनी संतपूरच्या बाजारातून पहिलीचं पुस्तक आणलं. मंगलला मांडीवर घेऊन ते अक्षरं गिरवायचे. पोरगी त्यांच्या आधी पाठ म्हणून दाखवायची आणि अण्णा मला सांगायचे, "बाई, आमच्या घरात एक तरी पास व्हईल बघा."

पहिल्या परीक्षेत गाईवर निबंध आला. अण्णांनी गाईला होणारे रोग लिहिले आणि प्रत्येकाचं औषध किती द्यायचं ते लिहिलं. तेही निम्मं चुकीच्या अक्षरांत. नापास! मी हसून हसून बेजार झाले. तेही हसले. दुसऱ्या खेपेला पुन्हा नापास झाले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. कारण अक्काचे दोन महिन्यांचे पैसे तटले होते.

इथं माझी चूक आहे, ती मी सांगून टाकते. मीच म्हणाले, "अण्णा, परीक्षा होईस्तोवर मंगलला रात्रीपण अक्काकडंच राहू द्या. दिवसभर दवाखाना, सांजच्याला चूल आणि लेकरू, तुम्ही अभ्यास कधी करायलाव?" मला वाटलं मी मोठं शहाणपणाचं बोलले. अण्णा हातातलं बूच बाटलीला लावत म्हणाले, "तसं बी बसंल."

पुढं काही महिन्यांनी एक दिवस ते सकाळी आले तर पायजम्याला कुसळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुसळं. त्यांची खोली गावात, दवाखाना गावात, मधे अक्काची गल्ली, नीट फरसबंदी केलेली. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही रस्त्यानं यायलाव का रानातून?"

"वढ्याकडनं आलो."

"कामून? तिकडून तर मैलभर लांब पडतंय."

ते पट्ट्या कापत राहिले. मी कात्री काढून घेतली तेव्हा बोलले. "अक्का दारात बसलेली असती, बाई. पाच महिन्याचं तटलंय. तोंड कसं दाखवू?"

"तिनं मागितलं का?"

"मागत न्हाई, तीच तर गोची हाय. मागितलं असतं तर दोन शब्द बोलून मोकळा झालो असतो. ती निसती म्हनती, या अण्णा, बसा, च्या घ्या."

"आणि मंगल?"

"हाय की तिथंच. सुखात हाय."

अहो, कर्जदार माणूस सावकाराची गल्ली टाळतो हे तुम्ही-आम्ही जन्मभर बघत आलोय, त्यात नवल नाही. पण ह्या माणसाची लेकच त्या गल्लीत होती! मी चिडले, वाट्टेल ते बोलले, बाप आहात का कोण आहात म्हणाले. आज त्याची लाज वाटते. माझ्याकडं पेटीत वीस रुपये होते. ते पुढं केले तर त्यांनी हात जोडले. "एकीचं तोंड चुकवायलोय, आता तुमचं बी चुकवू का? मग दवाखान्यात कसा येऊ?"

ते वीस रुपये मी परत पेटीत ठेवले.

त्यानंतर ते पगाराच्या दिवशीच अक्काकडं जाऊ लागले. हातात बिस्किटाचा पुडा, जमलं तर पाच रुपये. अक्का चटई टाकायची, कपबशीतून चहा द्यायची. मंगल पुडा घ्यायची आणि अक्काच्या पदराआड उभी राहून खायची. खिशात हात घालायचं तिनं कधी सोडलं ते अण्णांनाही आठवत नव्हतं. अक्काला ती "अव्वा", म्हणजे आई, म्हणायला लागली होती आणि त्या घरात बोलायचे ती कानडी घडाघडा बोलायची. अक्काचं काही चुकलं म्हणायची माझी छाती नाही. पोरीला गोवर आला तेव्हा ती नऊ दिवस उशापासून हलली नव्हती. अण्णाही त्या नऊ दिवसांत रोज आले, देणं-बिणं विसरून. मी पोरीला तपासायला आत असायचे, ते दारात उभे राहून मला विचारायचे, "ताप किती हाय?" आत मात्र यायचे नाहीत. गोवर उतरला आणि पुन्हा ओढ्याची वाट सुरू झाली.

तिसऱ्या खेपेला अण्णा पास झाले. अडलेल्या सगळ्या वाढी एकदम मिळाल्या. पैसे हातात आले त्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, रुपये रुमालात बांधले आणि म्हणाले, "चला बाई, साक्षीला. आज गल्लीतनंच जाऊ." इतकं ताठ चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वाटेत मला सांगत होते, मंगलला शाळेत घालायचं, सकाळी एक म्हातारी ठेवायची, सांजच्याला आपण आहोतच.

अक्का ज्वारी निवडत होती. अण्णांनी रुमाल सोडून तिच्यासमोर ठेवला. "अक्का, सगळं हाय. एक महिना बी ऱ्हायला न्हाई."

अक्कानं रुपयांकडं बघितलं, मग अण्णांकडं. "अय्य अण्णा, हे काय आणलाव? आपल्या लेकराला सांभाळल्याचे कुणी पैशे घेतंय का?"

अण्णा आधी हसले. त्यांना वाटलं, ही माया आहे. मायाच होती ती. मग हळूहळू त्यांचं हसू उतरलं. रुमालाची गाठ पुन्हा बांधावी की नाही हे त्यांना कळेना. "अक्का," ते म्हणाले, "आजपास्नं मंगलला घरी न्यावं म्हनतो."

अक्काच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पण बाई खोटी नव्हती. "न्या की," म्हणाली, "तुमचंच हाय," आणि उठून मंगलचे कपडे गोळा करायला लागली. दोन झबली, एक परकर, पुन्हा तीच दोन झबली. गाठोडं काही बांधून होईना. मंगल तिचा पदर ओढत विचारत होती, "अव्वा, मला कामून पाठवायलीस? मी काय केलं?"

अण्णांनी तिला नेलं. तीन दिवस ती त्यांच्या खोलीत होती. जेवली नाही. ठेवलेल्या म्हातारीला चावली. तिसऱ्या दिवशी अंग तापलं तेव्हा अण्णांनी स्वतः औषध केलं, पट्टी चिकटवली, खाचा कापल्या. साऱ्या गावानं ज्यांच्या हातचं औषध डोळे मिटून घेतलं त्यांच्या हातचं पोरीनं घेतलं नाही. दात घट्ट मिटून "अव्वा, अव्वा" करत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिला खांद्यावर घातलं आणि अक्काच्या दारात नेऊन दिलं. मी तिथं नव्हते. मला अक्कानं सांगितलं. ते उंबऱ्याबाहेरच थांबले होते आणि एवढंच म्हणाले होते, "मला बसवता येईना, अक्का."

रुमालातले पैसे त्यांनी सावकाराला दिले. कर्ज फिटलं. लोक म्हणाले, सुटला बिचारा. मला तर ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, कसला सुटला! मी काही केलं का? नाही. काय करणार होते? पोरीला ओढून आणणार होते, की अक्काला रडवणार होते? त्या तिघांत वाईट एकही नव्हतं, म्हणून तर कुणाशी भांडता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी अण्णांनी स्वतः बदली मागून घेतली, लांब आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याकडं. मी विचारलं, इतक्या लांब कामून? तर म्हणाले, "बदली मागायला आता कुणाची हरकत हाय?" पहिल्या महिन्यापासून मंगलच्या नावानं मनिऑर्डर पाठवीन म्हणाले. अक्का ती परत करील, हे त्यांनाही ठाऊक होतं.

निघायच्या दिवशी मी बसपाशी गेले. एक ट्रंक, एक वळकटी. बस सुटायच्या जरा आधी अक्का मंगलला घेऊन आली. नवा परकर, दोन वेण्या, डोक्यात अबोलीचा गजरा. अक्कानं बशीत आणलेला लाडू तिच्या हातात देऊन तिला पुढं केलं. तिनं तो अण्णांना दिला आणि खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. अक्का मागून हळूच म्हणाली, "बोल की, लेकरा." मंगलनं मान वर करून स्वच्छ, मोठ्यानं म्हटलं, "होगि बर्री."

आमच्याकडं ज्यांना कानडी येत नाही त्यांनाही हे कळतं. जाऊन या. घरी आलेल्या पाहुण्याला दारापर्यंत सोडताना म्हणतात ते. पोरगी चांगल्या वळणाची दिसली, आदरानं बोलली. आजूबाजूच्या बायकांनी कौतुक केलं.

अण्णा तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. कंडक्टरनं घंटी मारली. मग त्यांनी लाडूचा हात छातीशी धरला, आपल्या सव्वापाच वर्षांच्या लेकीला "व्हय जी" म्हणाले आणि बसमध्ये चढले.