वल्ही काठावर ठेवून

नाशिक रोडहून पहाटे निघालो तेव्हा डिकीत बोटीचं जुनं इंजिन होतं. मनमाडच्या एका भंगारवाल्याकडून आणलेलं, बोटीच्या मागे अडकवून दोरी ओढत सुरू करायचं. सुरू व्हायला फार कटकट करायचं, पण घरी पिंपात पाणी भरून मी ते चालतं केलं होतं. गाडी नवी, पेट्रोल सांडू नये म्हणून टाकीचं झाकण आणि झाकणावरचा बारका स्क्रू, दोन्ही घट्ट पिळले.

त्र्यंबक मागे टाकून वैतरणा धरणाच्या काठी उतरलो. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, पाणी आरशासारखं. नामदेव बोट बांधून उभा होता. मी इथे गळ टाकायला येतो तेव्हा जेवण याच्या घरी. त्याच्या आईच्या, मावशींच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळा कापतात या भीतीने ती आजवर नकोच म्हणत होती. महिनाभर मनधरणी केल्यावर कशीबशी तयार झाली. डोळ्यांच्या शिबिराची गाडी पलीकडच्या काठावर येणार होती, रस्त्याने तिथवर लांबचा वळसा. नामदेव वल्ही मारतच नेणार होता. मीच फोनवर म्हणालो होतो, मी इंजिन आणतो.

"वल्ही राहू द्या बोटीत, भाऊ," नामदेव म्हणाला.

"मग इंजिन कशाला आणलं? मावशींना पाय लांब करून बसू दे."

वल्ही काठावर राहिली.

इंजिन लागलं. मावशी हसल्या. "लय आवाज करतंय रं. डॉक्टरला आधीच कळंल, म्हातारी आली."

अर्ध्या पाण्यात ते गुदमरलं. दोरी ओढली, बऱ्याच वेळाने लागलं, थोडं चाललं, पुन्हा बंद. चोक ओढला, प्लग पुसला. तसंच. आमची जुनी स्कूटर आडवी केल्याशिवाय कधी सुरू होत नसे. त्याच सवयीने मी इंजिन काढून बोटीत आडवं केलं, पंख्याचा पाय वर, मशीनचं डोकं खाली. पायातलं पाणी डोक्यात उतरलं. त्यानंतर ते खोकलंसुद्धा नाही.

"आता स्कूटरला स्टँड बी लावा, भाऊ," नामदेव म्हणाला. तो हसत नव्हता.

हॉर्न आधी मावशींनी ऐकला. "गाडी आली, नामा."

पांढरी गाडी पलीकडे थांबली. नामदेवने टॉवेल हलवला, हाका मारल्या. आम्ही बसायच्या फळीने पाणी मारत होतो आणि बोट नुसती गोल फिरत होती. गाडीने आणखी दोनदा हॉर्न दिला. मग धूळ दिसली.

वारा सुटला आणि त्याने आम्हाला निघालो त्याच काठाला आणून लावलं. मी म्हणालो, "मावशी, माझी गाडी आहे. आत्ता नाशिकला नेतो."

"नको बाबा. पाण्यानंच नाय म्हटलं. आता मी कुठं जायाची नाय."

नामदेवने खूप समजावलं, शेवटी चिडला. तिने गाठोडं सोडलं आणि दवाखान्यात न्यायला बांधलेली नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे ठेवली. माझा हात चाचपत शोधून त्यावर भाकर दिली. "खा. पहाटंचा निघाला असशील." मी खाल्ली. नाही म्हणायचं तोंड नव्हतं.

घरी येऊन इंजिन उतरवलं. टाकी रिकामी करायला झाकणावरचा स्क्रू सैल केला, तशी फुस्स करून हवा आत गेली. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा लागते. त्यासाठीच तो स्क्रू असतो. बोटीत तो सैल करायचा राहिला होता.

मी लगेच नामदेवला फोन करून सगळं सांगितलं.

"सांगून बघतो तिला," तो म्हणाला. "पण स्क्रूचं ती ऐकायची नाय, भाऊ. पाण्याचं ऐकलंय तिनं."

प्रवासाहून परतलं की माणूस काय पाहिलं ते सांगतो. मला ती पांढरी गाडी तेवढी सांगता येईल. मावशींनी तीही पाहिली नाही. पाणी तर त्या दिवशी काहीच म्हणालं नव्हतं. वल्ही नको, असं मी म्हणालो होतो.