देवाला खडसावणारं भजन

मदिनत खलीफा वस्तीतला तो व्हिला दिसला की माझं डोकं आजही फिरतं. नवऱ्याला म्हणते, गाडी दुसऱ्या रस्त्याने घे. तो वळवतो.

मी साताऱ्याची. नवरा बिहारचा, शरयूकाठच्या एका गावातला. पुण्यात एका कंपनीत असताना लग्न केलं आणि त्याच्या नोकरीपायी आखातात, अल खोरला आलो. घरात आम्ही हिंदी बोलतो. मी चिडले की मराठी. भोजपुरी मात्र त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. लहानपणीच त्याला हॉस्टेलला टाकलं होतं. तिथे पोरं त्याच्या बोलण्याला हसायची, म्हणून त्याने ते बोलणंच सोडलं.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई व्हिजिटवर आल्या. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो. नवरा दिवसभर प्लांटवर, मी घरी लॅपटॉपसमोर. अम्मा मेथी निवडत गायच्या. सूर साधाच, पण मधेच आवाज असा चढायचा की कुणाला तरी झापताहेत असं वाटावं. मी एकदा विचारलं, "अम्मा, हे कुणाला बोलताय?"

"भगवान को," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

ती पदं त्यांच्या मुलखातल्या एका संताची. तो जातीने तेली. घाण्याभोवती बैल फिरायचा आणि हा पदं रचायचा. देवळाच्या पायरीवर बसून गायला म्हणून जमीनदाराच्या माणसांनी त्याला बडवून हाकललं. मग तो नदीपलीकडे वाळूत झोपडी बांधून राहिला. पुराने झोपडी नेली, त्याने पुन्हा बांधली. पुरुष असून तो बाईच्या तोंडून गायचा. बाईचा नवरा पूर्वेला कमवायला गेलाय आणि परतत नाहीये. तो नवरा म्हणजे देव. ती त्याला विचारते, तिकडे कोण भेटली? छप्पर गळतंय, सासू बोल लावते, तुला लाज कशी नाही? आणखी उशीर केलास तर मी दार लावून घेईन, मग बस ठोठावत.

अम्मांचे यजमान उभी हयात कलकत्त्याच्या जूट मिलमध्ये होते. वर्षातून एकदा घरी यायचे. "त्यांना काही बोलायची सोय नव्हती," अम्मा हिंदीत म्हणाल्या, "मग मी देवालाच बोलायची. तो उलटून बोलत नाही ना!" मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्यासमोर बसून ऐकत राहिले.

नवऱ्याच्या साहेबांकडे, मदिनत खलीफातल्या त्या व्हिलात, शुक्रवारी घरगुती सत्संग भरायचा. साहेब उत्तरेकडचेच. अम्मा गातात हे त्यांना कळलं आणि त्यांनी आग्रहाने बोलावलं. अम्मांनी पेटीतली ठेवणीतली साडी काढली. गाडीत सगळा रस्ता त्या मनाशी चाल घोळवत होत्या.

दिवाणखाना भरलेला होता. साहेबांनी माइक हातात घेऊन संताची ओळख करून दिली. थोर भक्त, शांतीचा संदेश वगैरे. तेली नाही, मार नाही, वाळू नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाईल बघत होता.

अम्मांनी सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात ती बाई देवाला निर्लज्ज म्हणते. तिथे पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. साहेब उठले आणि हसत हसत त्यांनी अम्मांच्या पुढ्यातला माइक उचलला. "माताजी, बहुत बढ़िया. पण इथे फॅमिलीज आहेत. काहीतरी शुद्ध हिंदीत होऊ द्या. भोजपुरी म्हटलं की लोकांना ती ट्रकवाली चावट गाणीच आठवतात." माणसं हसली. माझा नवराही हसला. थोडंसंच, पण हसला.

अम्मांचे हात अजून टाळीच्या पवित्र्यात होते. मला त्या हातांकडे बघवेना.

मी उभी राहिले. "ज्याला पायरीवरून हाकललं, त्याच्याच पदाला तुम्ही आज पुन्हा हाकलताय," मी म्हटलं. पुढे आणखीही बरंच बोलले. हिंदी संपली तेव्हा मराठीत बोलले. कुणाला कळलं नसेल, पण आवाज कळला असणार. साहेबांच्या बायकोने घाईघाईने टीव्हीवर भजनं लावली. अम्मा शांतपणे उठल्या. "चलऽ दुलहिन," त्या मला, सुनेला, म्हणाल्या. प्रसाद न घेता आम्ही बाहेर पडलो.

गाडी अल खोरच्या रस्त्याला लागली. मग नवरा म्हणाला, "माझे साहेब आहेत ते. प्लांटवर मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय."

"आणि आज तुझी आई तुझ्यासमोर बसली होती, ते?"

"तुला काय कळतंय? तुझ्या भाषेला कुणी हसत नाही."

ते खरं होतं आणि त्याने मी जास्तच भडकले. ज्याला लोकांच्या हसण्याचं दुःख माहीत, त्याने आईला हसावं?

खरा कहर दुसऱ्या दिवशी झाला. त्याने साहेबांना फोन करून माफी मागितली. "आई गावाकडची आहे सर, तिला समजत नाही." अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. भांडल्या नाहीत. देवाला फैलावर घेणारी ती बाई मुलासमोर मुकाट झाली, याचा मला अजून संताप आहे. परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करा, एवढंच त्यांनी मला सांगितलं. विमानतळावर तो वाकला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण नजर दुसरीकडे होती.

आता शुक्रवारी दुपारी मी अम्मांना फोन लावते आणि त्या मला पदं शिकवतात. माझा 'ळ' मधेच घुसतो, मग त्या पोट धरून हसतात. नवरा आतल्या खोलीत दार लोटून बसायचा.

गेल्या शुक्रवारी फोन चालू असतानाच तो बाहेर आला. हळूच म्हणाला, "त्या पदातलं ते 'अगोरत' म्हणजे काय गं?"

वाट बघत राखणही करणं. मला माहीत होतं, अम्मांनीच समजावलं होतं. पण आईच्या बोलीतला शब्द हा साताऱ्याच्या बायकोला विचारतो, म्हणून डोक्यात पुन्हा तिडीक गेली.

"मला नको, तिला विचार," मी म्हटलं आणि फोन त्याच्या हातात कोंबला.

त्याने तो कानाला लावला. मग अडखळत, मोडक्यातोडक्या भोजपुरीत, त्याने आईला विचारलं.